पॅरामवाले चाचा

आमच्या मुलचेऱ्याच्या चाचांइतका वस्तूंवर अविश्वास असलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा सापडायचा नाही. माणसांवर मात्र त्यांचा भाबडा म्हणावा असा विश्वास. अनोळखी माणसानं येऊन "चाचा, शिडी पायजे होती" म्हटलं तर शिडी देतील, वर ती घसरू नये म्हणून पायाखाली घालायला पोत्याचा तुकडाही देतील. पण वस्तू? वस्तू आपणहून कधीच नीट वागत नाही, तिला आणून बसवली की आधी तिचा कान धरून सगळं समजावून सांगावं लागतं, हे त्यांचं ठाम मत. त्यांच्या दुकानातल्या टेबलपंख्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली असायची. 'दिशा: गिऱ्हाईक. वेग: मध्यम. आवाज: बंद.' तो पंखा मी तिथं राहिलो तेवढी सगळी वर्षं भिंतीकडे तोंड करून, पूर्ण वेगात, खडखडत फिरत होता. चाचांना त्याचं काही नव्हतं. "आपण सांगतलं ना, सर? मंग आता त्याची जबाबदारी."

चाचा मूळचे घड्याळवाल्यांच्या घरातले. वडिलांचं बसस्टँडजवळ मनगटी घड्याळं दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी मनगटावरचा वेळ खिशातल्या मोबाईलमध्ये नेऊन ठेवला तेव्हा चाचांनी त्याच जागेत झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि लग्नाचं व्हिडिओ शूटिंग सुरू केलं. मग एकदा चंद्रपूरला जाऊन वेबसाईट बनवण्याचा कोर्स करून आले. चाची सांगायच्या, "जाताना चांगला माणूस गेल्ता. येताना ते पॅराम घेऊन आला." तेव्हापासून गावात त्यांना पॅरामवाले चाचा हेच नाव पडलं. मी त्या वेळी गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्यात शाळेत शिकवत होतो आणि त्यांच्या दुकानामागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो, त्यामुळे पॅराम म्हणजे काय हे मला इतक्या वेळा ऐकावं लागलं आहे की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. इंटरनेटवरचं पान म्हणजे नुसता लिहिलेला मजकूर. त्यात व्हिडिओ, गाणं अशी बाहेरची वस्तू बसवायची तर तिच्यासाठी एक चौकट लिहावी लागते आणि त्या चौकटीत एकेका ओळीत एकेक सूचना. सूचनेला एक नाव आणि एक किंमत. नाव 'आवाज', किंमत 'शंभर'. नाव 'आपोआप सुरू', किंमत 'ट्रू', म्हणजे हो. नको असेल तर किंमत 'फॉल्स'. ही एकेक ओळ म्हणजे एकेक पॅराम. चाचा हे सांगताना नेहमी एकच दाखला द्यायचे. "नवी सून घरात आली तं सासू सांगते का नाई, चूल इथी, पाणी तिथी, सासऱ्याचा चहा बिनसाखरेचा? तसंच हे." यावर आतल्या खोलीतून चाचींचा आवाज यायचा, "अन् सून आयकते का? तसंच हे."

हा नाद वेबसाईटपुरता राहिला असता तर गावाला त्रास नव्हता. पण चाचा समोरच्या हॉटेलात जाऊन ऑर्डर द्यायचे, "एक चहा. साखर अर्धी, अद्रक ट्रू, साय फॉल्स." हॉटेलवाला अदबीनं "हौ चाचा" म्हणायचा आणि सगळ्यांसाठी उकळत असलेल्या पातेल्यातलाच चहा ओतून द्यायचा. पहिला घोट घेऊन चाचा माझ्याकडे वळायचे. "पाहा, बराबर सांगतलं तं बराबर मिळते." बोलताना साय त्यांच्या मिशीला लागलेली असायची. न्हाव्याकडे बसले की "कल्ले फॉल्स". एस.टी.त चढले की कंडक्टरला "गडचिरोली एक, खिडकी ट्रू". एकदा चाचींना ताप आला तेव्हा डॉक्टरला म्हणाले, "गोळी द्या, पण कडू फॉल्स." चाची त्या तापातही उठून बसल्या आणि म्हणाल्या, "यायच्या तोंडाले कोनी फॉल्स लावा आधी."

लग्नाचं शूटिंग केलं की त्या लग्नाचं एक वेबपान चाचा आपल्याकडून भेट द्यायचे, आणि त्याचा पत्ता सुबक अक्षरात एका कार्डावर छापून नवरा-नवरीच्या हातात ठेवायचे. त्या पानावरच्या व्हिडिओला त्यांचे चार पॅराम ठरलेले होते आणि ते साक्षात वडील आले असते तरी त्यांनी बदलले नसते. व्हिडिओ आपोआप सुरू झाला पाहिजे, कारण पाहुणा दारात आल्यावर "बोलू का?" असं विचारत बसणं हा अपमान. संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला पाहिजे, कारण लग्नाला शेवट नसतो. आवाज शंभर, कारण आमच्याकडे लग्नात बँडवाल्याला कुणी "हळू वाजव" म्हणत नाही. आणि चौथा, सगळ्यांत महत्त्वाचा: थांबवायची, पुढंमागं करायची बटणं दिसताच कामा नयेत. "रिमोट पाहुण्याच्या हाती देल्लं का संपलं, सर. जेवण सोडून थो रिमोटच चाटत बसते."

या चौथ्या पॅरामचा प्रसाद आमच्या ओळखीच्या एका वनरक्षकाला मिळाला. नवीन लग्न झालेलं, उत्साहाच्या भरात त्यानं आपल्या कचेरीतल्या कॉम्प्युटरवर ते पान उघडलं, आणि त्याच क्षणी साहेब मीटिंगसाठी आत आले. सनई आणि संदलचे ढोल पूर्ण ताकदीनं सुरू झाले. वनरक्षकानं माऊस फिरवफिरव फिरवला, पण दाबायला बटणच नाही. घाबरून त्यानं भिंतीतली वायर उपटली. पण कॉम्प्युटर बॅटरीवर होता, तो वाजतच राहिला. शेवटी ती बॅटरी आणि कॉम्प्युटर दोघांनी उचलून बाहेर सागाच्या झाडाखाली नेऊन ठेवलं, आणि मीटिंग संपेपर्यंत त्या झाडाखाली एका माणसाचं लग्न लागत होतं. वनरक्षक तावातावानं चाचांकडे आला. चाचांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेबानं पाह्यलं का पण? कसं वाटलं त्याईले?"

चौकटीच्या लांबी-रुंदीचाही त्यांचा स्वतंत्र विचार होता. उंचीपेक्षा रुंदी ते भरपूर जास्त ठेवायचे. त्यामुळे त्यांच्या पानांवर आमच्या चंद्रपूर-गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांतली माणसं आडवी फुगलेली दिसायची. काडीसारखा नवरदेव तिथं पैलवान व्हायचा, नवरीचे गाल पुऱ्यांसारखे टम्म व्हायचे, आणि घोडा पाहून म्हैस आहे की काय असं वाटायचं. मी एकदा धीर करून म्हटलं, "चाचा, माणसं जाड दिसतात हो." ते दुखावले. "जाड नाई सर, खात्यापित्या घरची दिसतात. लग्नात लोकायले तेच पायजे असते." आणि खरंच, एका वरमाईनं येऊन त्यांचे हात धरले होते. आयुष्यात पहिल्यांदा तिचं पोरगं तिला अंगानं भरलेलं दिसलं होतं.

पण चाचांच्या साऱ्या कारभाराचा कळस होता तो आशीर्वाद. मुलचेऱ्याच्या आसपास बंगाली कुटुंबांची गावं आहेत. तिथल्या एका लग्नात चाचा शूटिंग करत होते. नवरीला पाटावर बसवून तिचे भाऊ उचलून नेतात, तिच्या चेहऱ्यासमोर विड्याची पानं धरलेली असतात, आणि मग ती पानं बाजूला करून ती नवरदेवाकडे पाहते, असा तो मोठा सुंदर क्षण असतो. चाचा कॅमेरा घेऊन अर्थातच ऐन मध्ये. तेवढ्यात मागून आवाज आला म्हणून त्यांनी कॅमेरा वळवला, तर गर्दीच्या मागे पांढरं धोतर नेसलेला एक म्हातारा दोन्ही हात उंच करून, डोळ्यांत पाणी आणून, थरथरत्या आवाजात म्हणत होता, "ओ मोशाय, शोरेन तो! माइयाडार मुखखान देहि ना!" चाचांना बंगाली ओ का ठो येत नव्हतं. पण ते हात, ते डोळे, तो आवाज! असा आशीर्वाद त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी तेवढा तुकडा कापून त्याला कमळांची चौकट लावली आणि त्या लग्नाच्या पानाच्या सुरुवातीला बसवला. मग त्यांना वाटलं, इतकी चांगली गोष्ट एकाच जोडप्याला का? तेव्हापासून चाचांनी केलेल्या प्रत्येक लग्नाच्या पानावर पहिल्यांदा तो म्हातारा यायचा. लग्न गोंडांचं असो, कुणब्यांचं असो, तेलुगूभाषकांचं असो की खुद्द चाचांच्या पुतणीचा निकाह असो, आधी कमळं, मग "शोरेन तो!" माझ्याही लग्नाच्या पानावर तो होता. माझी आई त्या म्हाताऱ्याला दोन्ही हात जोडायची. त्याचा अर्थ काय असं मी एकदा चाचांना विचारलं, तर ते डोळे मिटून म्हणाले, "'शोरेन' म्हंजे शरण, सर. बाकी मुखात नाव राहू दे वगैरे."

पुढं माझी बदली गडचिरोलीला झाली, पण महिन्या-दोन महिन्यांनी चक्कर व्हायची. आणि याच काळात चाचांवर ते संकट आलं. असल्या चौकटीतला व्हिडिओ वाजवणारी जुनी यंत्रणा जगभर बंद पडत गेली. नव्या मोबाईलना, नव्या कॉम्प्युटरना पॅराम म्हणजे काय हेच कळेना. चाचांच्या सगळ्या पानांवर, जिथं बँड वाजत होते, वराती नाचत होत्या, तिथं नुसती एकेक राखाडी चौकट उरली. आणि त्या चौकटीत चाचांचा मजकूर. कारण त्या पद्धतीत अशी सोय असते की वस्तू चाललीच नाही तर तिच्या जागी दाखवायला दोन शब्द आधीच लिहून ठेवता येतात. बाकीचे लोक तिथं रुक्षपणे 'व्हिडिओ उपलब्ध नाही' असं लिहितात. चाचांनी लिहिलं होतं: 'पाहुणे, इथी लग्नाचा व्हिडिओ होता. तुमाले दिसून नाई राह्यला तं मन छोटं करू नका. वस्तू रुसली असन. मले फोन करा, काय काय झालं ते मी सांगतो.' खाली फोन नंबर.

आणि लोक खरोखर फोन करू लागले. आमच्याकडचे लोक शब्दाला जागतात, 'फोन करा' लिहिलं आहे तर करायचा. चाचांनाही प्रत्येक लग्न पाठ. मी दुकानात बसलेलो असताना फोन आला की ते खुर्चीत मागं रेलून सुरू व्हायचे, "हौ, हौ, तुमचं लग्न आठवते ना! पहिले तं बाबाचा आशीर्वाद. मंग वरात निघाली. तुमचे मामा नाचून राह्यले होते, त्याईचा चप्पल कुठी गेला तं शेवटपर्यंत भेटला नाई. मंग तुमी आले. तुमच्या फेट्याचा तुरा डाव्या डोळ्यात जाऊन राह्यला होता..." एवढ्यावर थांबले तर ते चाचा कसले. सगळं सांगून झालं की क्षणभर दम घ्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. पलीकडच्या माणसाला फोन ठेवता यायचा नाही. चाची म्हणायच्या, "बटन नाई ना यायले."

शेफालीचा फोन आला तेव्हाही मी तिथंच होतो. त्या बंगाली लग्नातली नवरी ती. लग्नानंतर ती छत्तीसगडात पखांजूरकडे सासरी गेली, त्या भागात तेव्हा इंटरनेट नव्हतं. पानाचा पत्ता छापलेलं कार्ड तिनं ट्रंकेत जपून ठेवलं होतं. लग्नाची सीडी होती, ती सासऱ्यांनी पाखरं हाकायला कारल्याच्या वेलावर टांगली. आता कुठे तिच्या हातात चांगला मोबाईल आला होता आणि तिनं पान उघडलं, तर ती चौकट. चाचांनी थेट वरातीपासून सुरुवात केली. तिनं मध्येच थांबवलं. लहानपण मुलचेऱ्याजवळच गेलेलं, त्यामुळे बोलणं आमच्यासारखंच. "चाचा, मले वरात नाई पायजे. मले बाबा पाहाचे आहेत, पांढरं धोतर नेसून मागं उभे होते ते. बाबा यंदा गेले. त्याईचा एकच फोटो आहे, आधारकार्डाचा. त्याच्यात ते बाबा वाटतच नाई. आवाज तं कुठीच नाई." ती आईकडे आलेली होती. बाजाराच्या दिवशी दुपारच्या बसनं गडचिरोलीमार्गे परत जाणार होती. त्याआधी दुकानात येऊन जाईन म्हणाली.

चाचांनी फोन ठेवला. मग एकदम म्हणाले, "सर, पांढरं धोतर... तो बाबा हिचा बाप आहे." ते ज्या खुर्चीत बसले होते तिथून उठून उभे राहिले, जणू म्हातारा दुकानात आला होता.

मूळ व्हिडिओ जागेवर होता, दूर कुठल्या तरी देशातल्या कॉम्प्युटरवर चाचांनी घेतलेल्या जागेत. फक्त तो दाखवणारं कुणी उरलं नव्हतं. मी त्यांच्या नागपूरच्या भाच्याला फोन लावला. तो याच कामात आहे. तो म्हणाला, फाईल नव्या प्रकारात बदलून घ्या, जुनी चौकट उडवा, नवी लिहा, अर्ध्या तासाचं काम. "आणि मामू, ते पॅराम सगळे काढून टाका." इथं गाडं अडलं. चाचा म्हणाले, पॅराम काढायचा नाही, वस्तूला अजून नीट समजावून पाहू. पुढचे काही दिवस त्यांनी त्या जुन्या चौकटीत नवेनवे पॅराम लिहिले. नाव 'रुसवा', किंमत 'फॉल्स'. त्यानं होईना म्हणून नाव 'विनंती', किंमत 'ट्रू'. शेवटी आवाज शंभराचा पाचशे केला. चौकट राखाडी ती राखाडीच.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गडचिरोलीहून गेलो. चाचा दाढी न करता बसले होते. "बसनं जाणार ते पोरगी," ते म्हणाले, "अन् मी तिले काय, फोनवर सांगतो तसं तोंडानं सांगू? बापाचा आवाज मी कसा काढू, सर?" मग त्यांनी चष्मा पुसला, ते पान उघडलं आणि पॅरामच्या ओळी स्वतःच्या हातानं पुसायला घेतल्या. प्रत्येक ओळ आधी मोठ्यानं वाचायचे, मग पुसायचे. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. चाची आतून आल्या, त्यांच्या शेजारी पाण्याचा ग्लास ठेवून गेल्या.

फाईल भाच्यानं आधीच बदलून दिली होती; नवी चौकट कशी लिहायची ते तो आता फोनवर सांगत होता, "मामू, आता फक्त एक शब्द लिहा, कंट्रोल्स. म्हणजे बटणं दिसतील."

"अन् त्याची किंमत?"

"किंमत नाही लागत. नुसतं नाव."

"किंमतच नाई?" चाचा माझ्याकडे वळले. "ज्याले किंमत नाई, त्याच्या नावाले कोन इचारते, सर?"

त्यांनी हट्टानं त्यापुढे 'फॉल्स' लिहिलं. तरी बटणं दिसली. कारण नव्या पद्धतीत नाव आलं की झालं, पुढं काहीही लिहा, तो होकारच. चाचांनी तीनदा तपासलं. "मी नाई म्हणून राह्यलो अन् हे हो समजून राह्यलं!" आतून चाची म्हणाल्या, "पाहा, कसं वाटते ते." आपोआप सुरू होणंही बंद झालं होतं. आवाज असलेला व्हिडिओ आता पाहणाऱ्यानं बोट लावल्याशिवाय सुरू होत नाही. चाचांची चारही तत्त्वं एका सकाळीत गेली. फक्त ती लांबी-रुंदी शिल्लक होती, पण नवी चौकट माणसांना ताणत नव्हती, ती सगळ्यांना जन्मले तसंच दाखवत होती.

शेफाली आली ती तलावातली रोहू घेऊन. मासळी चाचींच्या हातात दिली आणि कॉम्प्युटरसमोरच्या स्टुलावर बसली. शेजारच्या पानठेल्याचे बिस्वासदाही, तिच्या गावचे म्हणून, दारात येऊन उभे राहिले. चाचा म्हणाले, "पोरी, तुले माहीत नाई, तुह्या बाबाच्या आशीर्वादावर या दोन जिल्ह्यायतले किती संसार सुरू आहेत."

"आशीर्वाद?" ती म्हणाली. "बाबांनी कोनाले आशीर्वाद देल्लेला मले आठवतच नाई. ते तं सगळ्याईवर ओरडत."

"बोट लाव," चाचा म्हणाले.

तिनं बोट लावलं. कमळं उमलली. धोतर नेसलेला तो म्हातारा आला, पहिल्यांदाच आपल्या मूळ बांध्यात, सडपातळ, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. हात वर झाले. "ओ मोशाय, शोरेन तो! माइयाडार मुखखान देहि ना!"

शेफालीनं तोंडावर पदर घेतला. आम्हाला वाटलं रडते आहे. पण तिचे खांदे ज्या पद्धतीनं हलत होते ते रडणं नव्हतं. हसता हसता तिच्यानं बोलवेना. दारातून बिस्वासदांनी खुलासा केला. "चाचा, तो म्हणून राह्यला, अहो महाराज, बाजूला सरका ना! माह्या पोरीचं तोंड दिसून नाई राह्यलं."

चाचांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. एवढी लग्नं, एवढी जोडपी, पुतणीचा निकाह! "बिस्वासदा," ते खोल आवाजात म्हणाले, "तुमाले हे पह्यलेपासून माहीत होतं?"

"हौ. साऱ्या बंगाली गावायले माहीत आहे."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"आमाले वाटलं तुमी मजाक करून राह्यले. चांगली होती मजाक."

आत चाचींच्या हातातून मासळीचं ताट पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ त्यांचं हसणं. मी त्यांना इतकं हसताना पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. मला माझ्या आईची आठवण झाली, हात जोडून उभी असलेली, आणि मीही सुटलो. चाचा मात्र हसले नाहीत. ते पुढं होऊन पडद्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "बराबर बोलला बाबा. मीच उभा होतो मधात. पोरीचं तोंड मी पाह्यलं, बापाले दिसलं नाई." आणि शेफालीकडे वळून, "माफ कर मा."

शेफालीचं हसू कधीच थांबलं होतं. "नाई चाचा," ती म्हणाली. "तुमी सरकले असते तं ते ओरडले नसते. मंग हा आवाज कुठून आला असता?" तिनं पुन्हा बोट लावलं. पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा सुरू केलं आणि म्हाताऱ्याचे हात वर असताना, तोंड उघडं असताना, थांबवलं. तिथंच. तिनं काही वेळ त्या थांबलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं. चाचा तिच्या मागे उभे होते. बटण कुणाच्या हाती द्यावं आणि का, यावर त्यांनी पुन्हा कधी माझ्याशी वाद घातला नाही.

चाचींनी तिला जेवू घालूनच सोडलं. मग बसचा हॉर्न ऐकू आला तसे चाचा तिची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत गेले. मी दुकानातून पाहत होतो. बस निघाली तरी ते तिथंच धुळीत उभे होते, एक हात अर्धवट वर करून. परत आले तेव्हा एकदम थकल्यासारखे दिसले. आता शूटिंगला त्यांना कुणी बोलावत नाही, लग्नात प्रत्येकाच्या हातात स्वतःचा कॅमेरा असतो. दुकानात झेरॉक्सचं काम तेवढं राहिलं आहे. भाचा म्हणतो, मामू, नागपूरला या. चाचा म्हणतात, पाहू.

त्या दिवशी ऊन कललं, तरी कॉम्प्युटर सुरूच होता, आणि पडद्यावर तो म्हातारा हात वर करून तसाच थांबलेला. मी निघायला उठलो आणि म्हटलं, "चाचा, बंद करून जाऊ का हे?"

चाचांनी मान हलवली.

"राहू द्या, सर. पोरगी गडचिरोलीले पोचेस्तोवर राहू द्या. म्हातारा माणूस आहे, त्याले असं एकदम नाई उठवत."